मार्था स्वयंपाकघरात जात नाही

दुपारी कादंबरी उघडली आणि दुसऱ्याच पानावर मार्था भेटली. झालं! ही बाई राबणार, कुरकुरणार आणि हिची बहीण पाहुण्याच्या पायाशी निवांत ऐकत बसणार, हे मी ठरवूनही टाकलं. लूकच्या शुभवर्तमानात तसंच आहे ना! बायबलमधलं नाव दिसलं की पात्राने तोंड उघडायच्या आत त्याची कुंडली मांडून बसायची, ही माझी जुनी खोड.

खोड लागली 'मोबी डिक' या कादंबरीपासून. लहानपणी हाती आली ती मुलांसाठी कापून-छाटून केलेली प्रत, मुखपृष्ठ गळून गेलेली. सुरुवातीलाच निवेदक सांगतो, मला इश्माएल म्हणा. मी पालथा पडल्या पडल्याच ओरडलो, "दादा, हा इस्माईल का रे?" दादा म्हणाला, "छपाईची चूक असेल, गप वाच." इश्माएल आणि इस्माईल हे नाव एकच आहे हे आम्हा दोघांनाही कळायला बरीच वर्षं जावी लागली. बायबलमधला इश्माएल म्हणजे हागारेचा मुलगा, आईसकट रानात हाकलून दिलेला, तहानेनं मरायला टेकलेला. नावाचा अर्थ 'देव ऐकतो'. आणि त्याचं नाव लावणारा हा गडी निघालाय कुठे, तर जिकडेतिकडे पाणीच पाणी तिथे!

शेवटी जहाज बुडतं, इश्माएल एका शवपेटीच्या आधारानं तरंगत राहतो आणि दुसरं जहाज त्याला उचलून घेतं. आमच्या प्रतीत ते नुसतं 'दुसरं जहाज' होतं. 1851च्या मूळ पुस्तकात त्याला नाव आहे, रेचल. त्याचा कप्तान हरवलेल्या मुलाला शोधत समुद्र पालथा घालतोय. रेचल म्हणजेच बायबलमधली राहेल; यिर्मयाच्या पुस्तकात ती आपल्या मुलांसाठी रडते, काही केल्या तिचं सांत्वन होत नाही. ते वाचलं त्या दिवशी त्या कापणाऱ्याचा असा राग आला! तीन अक्षरांची जागा वाचवली शहाण्यानं.

इश्माएलच्या जहाजाचा कप्तान अहाब, त्याची मात्र मला कीव येते. बायबलमधल्या, ज्याचं रक्त कुत्र्यांनी चाटलं त्या दुष्ट राजाचं नाव. कादंबरीतच जहाजाचा एक मालक म्हणतो, ते त्यानं स्वतः थोडंच ठेवलं? वेड्या विधवा आईची लहर ती, आणि तीही तो वर्षाचा असतानाच गेली.

अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसनच्या 'साँग ऑफ सॉलोमन' या कादंबरीतल्या (1977) एका बापाला तर वाचताच येत नाही. बायको बाळंतपणात गेलेली. तो बायबल उघडतो आणि मुलीसाठी अक्षरांचा एक देखणा पुंजका निवडतो. का, तर लहान झाडांवर एखादं मोठं झाड राखण करत झुकावं तसा तो दिसतो. कागदावर गिरवून सुईणीपुढे धरतो. ती वाचते आणि हादरते: पिलात! येशूला क्रुसावर पाठवणारा! बाप हटत नाही. पुढे ती मुलगी तोच कागद इवल्याशा डबीत घालून कानात लटकवते.

मी ते नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून कितीतरी वेळ बघत बसलोय. झाड काही दिसत नाही. नजर पडायच्या आत ते वाचूनच होतं.

असो. पान 160 आलं. मार्था अजून स्वयंपाकघराकडे फिरकलेली नाही. तिला बहीणही नाही. मी आपला वाट बघतोय.