वहिनीची टिकली

दादाला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. आज वहिनी खाली भाजीच्या गाडीवर गेली होती, मी सोबत होते. ती मेथीची जुडी निवडत होती तेवढ्यात शेजारच्या विंगमधल्या एक काकू आल्या. आधी तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग मंगळसूत्राकडे, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, अजून टिकली लावतेस? घरात कुणी काही म्हणत नाही का?" भाजीवाल्याचाही हात थांबला. वहिनीने जुडी परत ठेवली आणि काही न घेताच वर आली.

मला संताप आला, अजूनही येतोय. या काकू दादा हॉस्पिटलमध्ये असताना एकदाही डबा घेऊन आल्या नाहीत. नसत्या चौकश्या करायला मात्र हजर!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाला जे कळलं, ते आमच्या लिफ्टवाल्या सोसायटीत का पोहोचत नाही?

वहिनीला विचारायचंच असेल तर विचारा, की घराचे हप्ते कसे भरतेस, पिल्लूला शाळेतून आणायला कुणी आहे का, रात्री झोप लागते का. टिकलीचं तिचं ती बघेल.