दोन रुपयांची पावभाजी आणि एक सफरचंद

लेकीकडे शिकागोला जाऊन आलो त्याला महिना झाला. दीड महिना राहिलो, समुद्राएवढं तळं पाहिलं, मान मोडेपर्यंत उंच इमारती पाहिल्या, नातवाला पावकी-निमकी शिकवायला गेले आणि तोंडघशी पडले. त्या सगळ्याचे फोटो आहेत. फोटो नाहीत ते मुंबई विमानतळावरच्या एका लाउंजमधल्या, म्हणजे विमानाआधी बसायच्या-खायच्या दालनातल्या, तीन तासांचे, आणि डोक्यातून जात नाहीत ते नेमके तेच.

मुळात इतक्या लवकर पोहोचलोच का? तर आमच्या ह्यांच्यामुळे. नाशिकहून मुंबईचं विमान गाठायचं म्हटलं की ह्यांना अजून कसारा घाट, भिवंडी आणि ठाणं दिसतं. जून 2025 पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीच्या पुढे भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू झाला, जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी सुळकन पलीकडे निघते, घाट लागतच नाही. पण हिशोब मात्र जुन्या घाटाचाच. विमान पहाटे चारला, आणि गंगापूर रोडवरून आम्ही निघालो संध्याकाळी पाचला! पुढे काउंटर उघडायची वाट बघणं, मग सामान, मग इमिग्रेशन. लाउंजच्या दारात उभे राहिलो तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते.

भूक नव्हती, हे आधीच लिहून ठेवते. निघताना मुगाची खिचडी आणि कढी खाल्ली होती, आठ वाजता गाडीत एकेक दशमी. मला सहा वर्षांपासून शुगर आहे, गेल्या खेपेला एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, 7.4 आली होती. म्हणून यंदा बेत पक्का होता. जावेनं ज्वारीच्या दशम्या करून दिल्या होत्या, नुसत्या दुधात भिजवलेल्या, पाण्याचा थेंब नाही, म्हणून प्रवासात टिकतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि फुटाणे. लाउंजमध्ये फक्त पाय लांब करून बसायचं, असं ठरलं होतं.

आत सोडण्यासाठी दारातल्या मुलीनं आमचं बँकेचं कार्ड घासलं. लगेच मेसेज आला: 2 रुपये वजा. दोन रुपये! आमच्याकडे एवढ्यात कोथिंबिरीच्या दोन काड्या पण कोणी देत नाही. त्या मेसेजनं माझं डोकं फिरलं, खरं सांगते. भूक राहिली बाजूला, वसुली सुरू झाली.

एकतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे कुठेही गेले की आधी मनातल्या मनात नकाशा काढते. या लाउंजचा नकाशा असा: दारात पावभाजीचा तवा, त्यावर लोण्याचा गोळा चुरचुरत विरघळतोय. पुढे बिर्याणी, छोले, मैद्याचे कसले कसले गोळे. मग गुलाबजाम आणि ब्राउनी, अगदी हाताला येतील अशा. सॅलड पार टोकाला, कॉफीच्या यंत्राच्या आड, म्हणजे तिथपर्यंत जाईतो ताटली भरलेली. आणि ते तरी कसलं सॅलड? मक्याचे दाणे मेयोनीजमध्ये न्हाऊन निघालेले. चौथ्या भांड्यात काकडी-टोमॅटो सापडले, कडा सुकून वर वळलेल्या. शेजारी फळांचं दही होतं, ‘लो फॅट’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. चष्मा लावून मागचं बारीक वाचलं तर घटकांत दुधाच्या पाठोपाठ साखरच होती.

इतकं सगळं शहाणपण करून झाल्यावर मी काय खाल्लं? रात्री साडेबारा वाजता पावभाजी. दोन पाव, वर छोले, आणि ‘अर्धाच’ म्हणत एक अख्खा गुलाबजाम. हे समोर बसून बघत होते. म्हणाले, “अगं, गोळी तरी घेतलीस का?” मला इतका राग आला! त्यांच्या ताटलीत तीन ब्राउन्या होत्या.

दोनच्या सुमारास शरम वाटायला लागली आणि, हे जरा विचित्रच आहे, पण शरमेपोटी मी डबा काढला. जावेनं एवढं करून दिलंय, निदान एक दशमी खाऊ. झाकण उघडलं आणि चटणीतल्या लसणाचा वास दोन टेबलांपलीकडे गेला. काळं जाकीट घातलेला एक मुलगा लगबगीनं आला. “काकू, बाहेरचं खाणं इथे अलाउड नाही.”

मी तापलेच होते. म्हटलं, तुमच्याकडे साखर नसलेलं, मैदा नसलेलं एक तरी काही दाखव, मी डबा बंद करते. त्यानं खरंच मान वळवून सगळ्या भांड्यांकडे एकदा पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. “दशमी आहे का?” मी म्हटलं, “हो. तुला कशी माहीत?” तर मुलगा येवल्याकडचा निघाला. आवाज खाली करून म्हणाला, “त्या खांबामागं बसा. तिथं कॅमेरा पोचत नाही.” आणि पाच मिनिटांनी डोशाच्या काउंटरवरून वाटीभर साधं, बिनसाखरेचं दही आणून ठेवलं. ते मांडलेलं नव्हतंच कुठे. मागितलं तर मिळतं म्हणे. आता मागायचं हे कोणाला सुचणार?

मी त्याला एक दशमी पुढे केली. त्यानं हात मागे घेतला. ड्युटीवर खाता येत नाही. म्हटलं, मग तू जेवलास काय? “वडापाव. यायच्या आधी, स्टेशनबाहेर.” नि इथलं? “इथलं आम्हाला चालत नाही, काकू. उरलं तरी.” आणि माझी अर्धवट टाकलेली छोल्यांची ताटली उचलून घेऊन गेला. पंधरा मिनिटांनी मी त्याला शोधलं, तर तो ब्राउनीचा नवा ट्रे लावत होता, एकसारख्या रांगेत, अगदी मन लावून.

पुढचं विमान म्हणजे छोल्यांची शिक्षा. वर्गात हे मी शेकडो वेळा शिकवलंय: उंचावर हवेचा दाब कमी होतो. विमानाच्या आत दाब ठेवतात तो साधारण सहा ते आठ हजार फुटांवरचा. आमच्या इगतपुरीच्या अंगणातलं कळसूबाई शिखर 5,400 फुटांचं. म्हणजे कळसूबाईच्याही वर चढून तासन् तास बसायचं, हलायचं नाही, आणि पोटात छोले! पिशवीतलं फुटाण्यांचं पाकीट फुगून टम्म झालं होतं. माझंही तेच. त्यात आतली हवा इतकी कोरडी की ओठ सालपटं काढतात, आणि तिथे जिभेला मीठ-साखर कमी लागते म्हणून जेवणात मीठ सढळ हातानं. विमान बदलायला कतारमधल्या दोह्याला उतरले तेव्हा चपलेचा पट्टा लागेना.

दोह्याच्या लाउंजमध्ये मात्र मी नकाशा उलटा वाचला, टोकापासून दाराकडे. टोकाला एक मोठं भांडं, त्यात मसुराचं सूप: जिरं, लिंबू, बस. आपल्या आमटीतून गूळ नि आमसूल काढून टाकलं तर जे उरेल ते. दोन वाट्या प्याले, शेजारी काकडी आणि चक्क्यासारखं घट्ट दही. पहाटेचं ते जेवण अंगाला लागलं. ह्यांनी क्रोसाँ खाल्ले, त्याबद्दल मी बोलणार नाही. निघताना एक सफरचंद पर्समध्ये टाकलं, पुढच्या पंधरा तासांच्या विमानात खायला, आणि दोन सिनेमे, चार डुलक्या यांत ते साफ विसरले.

शिकागोला अधिकाऱ्यानं विचारलं, फळं, भाज्या, मांस काही आहे? मी छातीठोकपणे ‘नो’ म्हटलं. सामानाच्या पट्ट्यापाशी एक लांब कानांचं गोंडस कुत्रं आलं, माझी पर्स हुंगली आणि तिच्याशेजारी शहाण्यासारखं बसलं. मी त्याला कुरवाळायला वाकले. ह्यांच्या चेहऱ्याचा रंग उडालेला बघितला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

दंड नाही झाला, विसरले म्हणून चारदा माफी मागितली. तिथल्या अधिकारी बाईनं हातमोजे घालून सफरचंद उचललं, टोपलीत टाकलं आणि मग डबा उघडला. “ब्रेड?” मी म्हटलं, “ब्रेड.” तिनं वास घेतला, भुवया वर केल्या, झाकण लावून परत दिला.

शेवटची एक दशमी उरली होती. लेकीच्या गाडीत नातवानं ती केचप लावून खाल्ली.