माळा रिकामा करताना

नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर पाडायला देऊन मनीषनगरच्या दोन खोल्यांत राहायला जायचं ठरलं, तेव्हा सामान कमी करणं ही निव्वळ गरज होती. वैराग्य वगैरे काही नाही. आमच्या घरात वस्तू टाकायची पद्धतच नव्हती. "राहू दे, लागते कधी कधी" एवढ्या एका वाक्यावर तीन पिढ्यांचं सामान माळ्यावर चढलं होतं.

कपडे सोपे गेले. साड्या पलंगावर मांडल्या, कामाला येणाऱ्या बाईंनी हव्या त्या घेतल्या, उरलेल्या देऊन टाकल्या. कागदांचा मात्र वीट आला. टीव्ही कधीच गेला होता, त्याचं वॉरंटी कार्ड जपून ठेवलेलं! पेन्शन, रजिस्ट्री, घरटॅक्स आणि आईबाबांचे मृत्यूचे दाखले एका फायलीत लावले. बाकी सगळं रद्दीत.

गाडी अडली ती पितळेपाशी. गुंड, गंज, परात, बंब. वर्षानुवर्षं वापर नाही, पण दर दिवाळीला चिंच लावून घासायचं ते माझ्याकडेच. शेवटी ऑटोत घालून इतवारीत मोडीला नेलं. दुकानदाराने लोहचुंबक फिरवून पाहिलं, डाक लावलेल्या बुडाशी बोट टेकवलं आणि म्हणाला, "काकू, याची घट कापावी लागेल." मोठ्या गुंडाच्या गळ्याशी बारीक टिंबांनी आईचं नाव कोरलेलं होतं, त्याखाली "मामाकडून भेट". त्याने ते वाचलंसुद्धा नाही. गंजात गंज घातले आणि काट्यावर ठेवले. मला रडू फुटेल असं वाटलं होतं. डोक्यात आलं ते एवढंच, की यंदा चिंच आणायची नाही. रोज डाळ शिजते ती लहान तपेली मी मोडीला नेलीच नव्हती.

मुदत ठरवली होती पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी इथे मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक असते. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत गावाचं नको ते तिच्यावर टाकून मोकळं व्हायची सोय या शहराने केव्हाचीच करून ठेवली आहे. आमच्या घरातून आजवर त्या दिवशी फार तर एखादा झिजलेला झाडू बाहेर पडला असेल. त्या वर्षी माळाच उतरवला. कबाडीवाला म्हणाला, "काकू, हे इतकं काहून ठेवलं होतं?" सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

मध्येच एकदा सेवाग्रामला जाऊन आले. इथून जेमतेम 75 किलोमीटर. गांधीजींच्या बापू कुटीच्या आवारात लोक "किती कमी सामान!" म्हणत फिरतात. माझं लक्ष मात्र सापाच्या पिंजऱ्याकडे आणि टेलिफोनकडे गेलं. साप मारायचा नाही, धरून लांब सोडायचा, म्हणजे पिंजरा हवाच. आश्रमाच्या एकादश व्रतांत असंग्रह, म्हणजे साठा न करणं, आहे, तरी ज्याचं काम पडतं ते तिथे बिनदिक्कत ठेवलेलं आहे. हे बघून मी कूलरबद्दलची टोचणी सोडून दिली. मे महिन्यात पारा 45 च्या वर चढला की नागपुरात अपरिग्रहाची हद्द कूलरपाशी संपते.

आणि हे सगळं मला जमलं त्याचं एक कारण म्हणजे दर महिन्याला बँकेत पडणारी पेन्शन. लागेल ते पुन्हा विकत घेता येईल ही खात्री असली की फेकायला हात धजतो. ज्यांच्या घरात मुळातच दोन भांडी आहेत, त्यांना कमी सामानाचं सुख कोणी शिकवू नये.

वस्तूंच्या मागोमाग मी भिशी सोडली, मग देवळाच्या समितीचा हिशेबही. समितीवाले नाराज झाले. पण खरी मोकळीक तिथेच मिळाली असं मला वाटतं. पूर्वी चार दिवस मैत्रिणीकडे अमरावतीला जायचं तर किल्ली कोणाकडे, हप्ते कोण गोळा करणार, पावती पुस्तक कोण सांभाळणार, यातच जाणं राहून जायचं. आता सकाळी मनात आलं की दुपारच्या एसटीत बसलेली असते.

परवा भावजय आली होती. सगळं घर नजरेखालून घातलं आणि म्हणाली, "ताई, तुमची एक अलमारी रिकामीच दिसते. आमचा डिनर सेट आणि गाद्या ठेवू का? दिवाळीला घेऊन जाऊ."

नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून तिचा फोन नाही. भाऊ तेवढा रोज करतो, तोही हळू आवाजात.