आमची वाटचाल : फ्रेंच मद्यगीतांच्या जुन्या पुस्तकांसोबत

पॅरिसच्या पंधराव्या विभागात जॉर्ज ब्रासाँस उद्यानाला लागून दर शनिवार-रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. पूर्वी तिथे घोड्यांचा बाजार होता. त्याची लोखंडी छपरं अजून उभी आहेत. २००९ साली मी आणि माझ्या नवऱ्याने त्यातल्याच एका छपराखाली टेबल मांडलं. तेव्हा कादंबऱ्या, नकाशे, पाककृती, जे मिळेल ते विकायचो. आज आमच्याकडे फक्त मद्यगीतांची, पंगतीत पेला हातात घेऊन म्हणायच्या गाण्यांची, जुनी पुस्तकं असतात.

या गाण्यांकडे मला ओढलं ते चालींनी. अठराव्या शतकातल्या कितीतरी गीतसंग्रहांत स्वरलिपी नसतेच. गाण्याच्या डोक्यावर 'अमुक गाण्याच्या चालीवर' एवढीच ओळ. पदावर 'चाल' छापलेल्या 'संगीत सौभद्र'च्या जुन्या प्रती हाताळत मोठी झालेल्या मला त्या पानांत परकं काही वाटलं नाही. पण ज्या गाण्याची चाल, तेच आज कुणाला ठाऊक नसेल तर? त्यासाठी पिएर कापेल याने १८११ साली 'ला क्ले द्यु काव्हो' काढलं. त्यात चालींची स्वरलिपी क्रमांकांनिशी दिलेली आहे. चौथ्या आवृत्तीत अशा २३५० चाली आहेत. आमची ती प्रत विकायची नाही. रोज लागते.

'काव्हो' ही पॅरिसमधल्या गाणाऱ्या कवींची मंडळी. १७३० च्या आसपास पिराँ, कोले वगैरे ब्यूसी चौकाजवळ एकत्र जेवत आणि एकमेकांना गाणी ऐकवत. पुढच्या शतकात हीच परंपरा नव्याने उभी राहिली आणि तिच्यात बेराँजे आला. त्याला १८२१ मध्ये गाण्यांपायी तुरुंगात जावं लागलं. पिण्याची गाणी म्हणजे नुसता दंगा, असं समजणाऱ्यांना मी बेराँजे वाचायला देते.

माझं मन मात्र त्याआधीच्या बालार घराण्यात जास्त रमतं. संगीत छापण्याचा राजाचा परवाना पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे होता. १६९५ ते १७२४ या काळात त्यांनी 'गंभीर आणि पिण्याची गाणी' दर महिन्याला काढली. पातळ, आडव्या आकाराच्या वह्या, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे स्वर, विरहाच्या गाण्याशेजारी बाकसचं, म्हणजे मद्याच्या देवाचं, गाणं. बाजारात संपूर्ण संच येणं दुर्मीळच. सुटे महिने येतात, कधी वर्षभराचे अंक एकत्र बांधलेले.

ही पुस्तकं दुर्मीळ झाली, कारण ती वापरली गेली. खिशात कोंबली, पंगतीत फिरली, वाइनमध्ये भिजली. एकोणिसाव्या शतकातल्या हौशी संग्राहकांनी हाती लागलेल्या प्रती ब्लीचच्या पाण्यात धुतल्या, कडा कापल्या आणि लाल मोरोक्को कातड्यात बांधल्या. दिसायला सुरेख, पण समासातली टिपणं गेली: कुणी वाढवलेलं कडवं, शाईने लिहिलेली पर्यायी चाल. म्हणून आम्ही डाग धुत नाही. चिंध्यांपासून केलेला तो कागद तीनशे वर्षं टिकला आहे, डागांसकट टिकेल. माझा नवरा फक्त फाटकं पान जपानी कागदाने सांधतो आणि सुटलेली शिवण घट्ट करतो.

१७७३ चा लाबोर्दचा चार खंडांचा गीतसंग्रह फोडून त्यातली मोरो या चित्रकाराची चित्रं सुटी विकली, तर पैसे जास्त येतात. आम्ही तसं करत नाही आणि तसं करणाऱ्याला विकतही नाही.

वर्णनाच्या बाबतीतही आम्ही काटेकोर आहोत. नॉर्मंडीतल्या वीर या गावच्या बासलँ नावाच्या कवीच्या नावाने १८२१ मध्ये काँ शहरात निघालेला संग्रह आजही त्याचाच म्हणून विकला जातो. त्यातली बहुतेक गाणी पुढे त्याच गावचा वकील जाँ ल हू याची ठरली. आमच्या सूचीत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. किंमत थोडी उतरते, उतरू दे.

आमचे निम्मे ग्राहक गायक आहेत. प्रत परवडत नसेल त्यांना हव्या त्या पानांचे फोटो आम्ही पाठवतो, पैसे न घेता. सध्या समासातल्या हस्तलिखित चालींची यादी करतो आहोत. प्रत्येक विक्रीसोबत त्या प्रतीपुरतं टिपण कापेलच्या क्रमांकांसह देतो.