हिंदमाताचं पाणी आणि बाईंचे अलंकार

मी 1996 च्या दहावीच्या बॅचची, सध्या परळलाच एका हॉस्पिटलमध्ये सिस्टर आहे. शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा असा ग्रुपवर मेसेज आला तेव्हा गॅदरिंग, सहल, पीटीचा तास हे विषय बाकीच्यांनी पटापट वाटून घेतले, मला मात्र आधीपासून लिहायचं होतं ते मराठीच्या बाईंबद्दल आणि अलंकारांबद्दल. हो, व्याकरणातलेच, उपमा-उत्प्रेक्षा वाले. ज्यांना ते फक्त मार्कांसाठी पाठ केल्याचं आठवतंय त्यांनी पण वाचा, कारण आमच्या वर्गात ते फार वेगळ्या पद्धतीने झाले.

बाईंनी व्याख्या आधी सांगितल्याच नाहीत. परळ-लालबागची पोरं, आरत्या सगळ्यांना तोंडपाठ, तर बाई म्हणाल्या शंकराची आरती म्हणा. आम्ही टाळ्या वाजवत सुरू, शेजारच्या वर्गातले बाई-सर डोकावून गेले. म्हणून झाल्यावर बाईंनी फळ्यावर एवढंच लिहिलं, माळा, काळा, ज्वाळा, बाळा, आणि विचारलं कानाला काय लागलं ते सांगा. ते यमक. मग "झुळझुळा" वर आल्या, पाण्याचा आवाजच शब्द होऊन बसलाय बघा म्हणाल्या. आणि मग "कर्पूरगौरा" वर जवळजवळ अख्खा तास गेला. कापरासारखा गोरा. शंकर उपमेय, म्हणजे ज्याची तुलना करतोय तो, कापूर उपमान, म्हणजे ज्याच्याशी करतोय ते, गोरेपणा हा दोघांत सारखा असलेला गुण, आणि "सारखा" हा शब्द कुठंय? नाहीये. तो समासात गिळला गेलाय, म्हणून ही लुप्तोपमा. लहानपणापासून दर गणपतीत म्हटलेल्या ओळीत एक शब्द गायब आहे हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं आणि अंगावर काटाच आला माझ्या.

उपमेचं पुस्तकातलं नेहमीचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल, मुंबईची घरे मात्र लहान, कबुतराच्या खुराड्यासारखी. आम्ही सगळे चाळीतले, दहा बाय बाराच्या खोलीतले. एक मुलगी चिडून उभी राहिली, बाई आमचं घर खुराडं नाहीये. बाई तिच्यावर अजिबात रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या बरोबर, वाक्यात तसं म्हटलेलंच नाही, "सारखी" म्हटलंय, सारखेपणा फक्त लहानपणाचा घेतलाय, घाण किंवा अंधार घेतलेला नाही, तो तू घेतलास. उपमा देणारा एक गुण उचलतो आणि बाकीचे सोडून देतो, त्यामुळे कुठला उचलला ते आधी शोधायचं. ती मुलगी खाली बसली आणि मला वाटतं त्या दिवसापासून आमच्या वर्गाला हा विषय खऱ्या अर्थाने आवडायला लागला.

पण खरा दिवस तो हिंदमाताचा, म्हणजे परळ-दादरच्या मधल्या, पावसात पाणी तुंबणाऱ्या सखल भागाचा. जुलैमधला धो धो पाऊस, अर्धा वर्ग आलेलाच नव्हता, जे आले ते चपला हातात धरून गुडघाभर पाण्यातून. एकजण दारातूनच ओरडला, बाई, हिंदमाताला नदी झालीय! बाईंनी त्याला विचारलं, झालीय की झाल्यासारखी वाटतेय? आणि त्या एका प्रश्नावर बाईंनी पुढचे दोन्ही तास घेतले, गणिताच्या सरांचा तास मागून घेतला. रस्ता नदीसारखा दिसतोय, ही उपमा, दोघं वेगळे आहेत आणि सारखे आहेत. रस्ता म्हणजे जणू नदीच, ही उत्प्रेक्षा, इथे कल्पनेने दोघं एक धरलेत पण "जणू" म्हणून एक दार उघडं ठेवलंय. या रस्त्याच्या नदीत बेस्टच्या होड्या अडकल्यात, हे रूपक, आता दार बंद, रस्ता आणि नदी एकच. हा रस्ता नव्हेच, नदी आहे ही, अपन्हुती, खरं जे आहे तेच नाकारलं. हा रस्ता म्हणावा की नदी? ससंदेह. नदी समजून एखादा बगळा येऊन उतरला तर भ्रांतिमान, कारण बगळ्याला शंका नाहीये, त्याची खात्रीच झालीय. नदीपेक्षा जास्त पाणी इथे, व्यतिरेक. आणि शेवटी मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, बाई, हिंदमातासारखं पाणी फक्त हिंदमातालाच! बाई एवढ्या खूश झाल्या, म्हणाल्या अरे हा अनन्वय, ज्याची तुलना फक्त त्याच्याशीच होऊ शकते, तू स्वतः तयार केलास.

तोच रस्ता, तेच पाणी. बदलतं ते फक्त बोलणाऱ्याने त्या दोन गोष्टी एकमेकींच्या किती जवळ आणल्या ते. आठवी-नववीच्या पोरांना हे यादीतून कधीच कळलं नसतं. नंतर मी जरा वाचलं तेव्हा समजलं की सोळाव्या शतकातले संस्कृत काव्यशास्त्रकार अप्पय्य दीक्षित त्यांच्या चित्रमीमांसा या ग्रंथात हेच म्हणून गेलेत, उपमा ही एकच नटी आहे, ती वेगवेगळ्या भूमिका घेऊन काव्याच्या रंगमंचावर नाचते. आणि भरतमुनींच्या नाट्यशास्त्र या त्याहून कितीतरी जुन्या ग्रंथात तर अलंकार चारच आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक, बाकीची एवढी मोठी फौज पुढच्या लोकांनी बारकाईने बघत बघत वाढवली. हे शाळेत पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, पोरांची भीती निम्मी कमी होईल.

शब्दालंकार आणि अर्थालंकार यातला फरक बाईंनी रेल्वेच्या पासवर शिकवला. "दहावीला पास असेल तरच कॉलेजला जाता येतं." पास म्हणजे निकाल पण आणि लोकलचा पास पण, म्हणजे श्लेष. आता "पास" काढा आणि "उत्तीर्ण" घाला, काय झालं? मजा गेली, दुसरा अर्थ गेला. म्हणजे सौंदर्य त्या शब्दातच होतं, हा शब्दालंकार. मग हिंदमाताच्या वाक्यात रस्त्याऐवजी मार्ग घाला, नदीऐवजी सरिता घाला, उपमा जागच्या जागी राहते, म्हणून ती अर्थालंकार. (श्लेषात पण अर्थश्लेष म्हणून एक प्रकार आहे जो या टेस्टमध्ये टिकतो, तो त्यांनी हुशार पोरांना वेगळा सांगितला.) शब्द बदलून बघायची ही कसोटी अकराव्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराच्या काव्यप्रकाश ग्रंथात आहे हे मला फार उशिरा कळलं, बाईंनी कधी मोठी नावं घेऊन दडपण आणलं नाही.

वृत्तांचं, म्हणजे कवितेच्या ओळीतल्या लघु-गुरु (ऱ्हस्व-दीर्घ) अक्षरांच्या ठरलेल्या क्रमाचं, थोडक्यात सांगते. यमाताराजभानसलगा एवढं एक पाठ असलं की आठही गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, निघतात, पहिल्या आठांपैकी कुठल्याही अक्षरापासून तीन अक्षरं घ्यायची, यमाता म्हणजे लघु गुरु गुरु, हा य गण. मना सज्जना भक्तिपंथेचि जावे हे आम्ही बाकावर ठेका धरून म्हणायचो, चार वेळा यमाता, हे भुजंगप्रयात वृत्त. "सज्जना" मधला स ऱ्हस्व असून गुरु का, तर पुढे ज्ज हे जोडाक्षर आहे आणि त्याचा आघात स वर येतो. हे हाताला आधी कळलं आणि मग वहीत गेलं. इंग्लिशच्या सरांनी फिगर्स ऑफ स्पीच काढले तेव्हा सिमिली, मेटाफर, अॅलिटरेशन, पर्सॉनिफिकेशन हे सगळं आमचं झालेलंच होतं, फक्त नावं नवीन.

आता मी हे सगळं का लिहितेय ते सांगते. माझ्या वॉर्डात दिवसभर उपमाच असतात. दुखणं कोणालाच सरळ सांगता येत नाही, ते दिसत नाही आणि मोजताही येत नाही, म्हणून माणूस कशाच्या तरी आधाराने सांगतो. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय. सुया टोचल्यासारखं होतंय. पायाला मुंग्या आल्यासारखं, कोणी आतून पिळल्यासारखं. एक आजी आल्या होत्या साताऱ्याकडच्या, "पाय परक्याच्या पायागत झालाय गं" म्हणाल्या. आणि "सारखं" न लावता येणारे शब्द वेगळेच, ठणकतंय, ठसठसतंय, चुरचुरतंय, भणभणतंय, ज्यात त्या दुखण्याची लय शब्दातच ऐकू येते, झुळझुळा सारखी. ठसठसणारं गळू आणि चुरचुरणारी जखम एक नाही, आमच्याकडे सगळ्यांना माहितीये.

आणि गुण कुठला उचललाय ते ऐकावंच लागतं. दगड म्हणाला म्हणजे वजन, दाब. छातीत असा दाब म्हणणारा माणूस आला की आम्ही लगेच धावतो, ईसीजी काढायला घेतो, डॉक्टरांना बोलावतो. सुया, मुंग्या, करंट मारल्यासारखं म्हणाला तर नसेचा विचार आधी येतो. जळजळ म्हणाला तर कुठे आणि जेवणानंतर का, हे विचारायचं. अर्थात नुसत्या शब्दावर निदान होत नाही, तपासण्या असतातच, आणि अॅटॅक आलेला माणूस कधी कधी फक्त अॅसिडिटी झालीय म्हणतो, ते पण आम्ही बघतो. पण सुरुवात पेशंटच्या तोंडच्या वाक्यापासूनच होते.

आमच्याकडे नर्सिंगच्या मुली ट्रेनिंगला येतात, हुशार असतात, भराभर लिहितात. पेशंट म्हणतो छातीवर कोणी बसल्यासारखं झालंय आणि या केसपेपरवर लिहितात "चेस्ट पेन". मी तो कागद परत देते आणि सांगते, तो जे बोलला ते त्याच्याच शब्दात लिही, बसल्यासारखं म्हणाला तर बसल्यासारखं, जड म्हणाला तर जड, आणि दोन्ही म्हणाला असेल तर दोन्ही. एकीने मागच्या महिन्यात विचारलं, सिस्टर, हे तुम्हाला कोणत्या वर्षाला शिकवलं? नववीला, मराठीच्या तासाला, असं सांगितलं तिला.