वरून खडखडीत, आतून ओलं

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि आमच्या ओंटारिओ प्रांतात घरटी चार झाडं लावता येतात. गेल्या वर्षी मी परसात दोन लावली. वाढवताना काही अवघड गेलं नाही, टोमॅटोइतकीच निगा. माती खाल्ली ती काढणीनंतर.

ऑक्टोबरात, पहिलं हिमदव पडायच्या आत झाडं कापली. मोठी पानं खुडून वजन केलं, ओला माल ४१० ग्रॅम. तळघरात दोरी बांधून फांद्या उलट्या टांगल्या. इथवर ठीक होतं. पण घरात हीटिंग सुरू झालेलं, हवा कोरडी ठणठणीत, आणि मी वर पंखाही थेट फांद्यांवर सोडला. तिसऱ्या दिवशी तुरे, म्हणजे गांजाच्या फुलांचे घोस, बोटांत कुरकुरले. मी खूश! सगळे बरण्यांत भरले, झाकणं घट्ट.

दोन दिवसांनी पाहतो तर तुरे परत मऊ. झाकण काढलं तसा नाकात अमोनियाचा भपकाराच आला.

आई तेव्हा साताऱ्याहून आली होती, आईवडिलांना दीर्घ मुक्कामासाठी मिळतो त्या सुपर व्हिसावर. बरणीत काय आहे हे तिला माहीत होतं, आणि त्यावर तिला जे बोलायचं ते आल्या आल्याच बोलून झालं होतं. तिने एक काडी घेऊन वाकवली.

"वाकतेय बघ. कट्कन मोडायला हवी. सांडग्यांना घाई केली की असंच होतं, वरून खडखडीत आणि पोटात ओल."

झालं होतं नेमकं तेच. ताज्या तुऱ्यात तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. वरचा थर झटकन वाळला की आतलं पाणी तिथेच राहतं, आणि बंद बरणीत सावकाश बाहेर येतं. कोंडलेल्या ओलीत जिवाणूंचं फावतं, तो वास त्यांचाच. एका जाड तुऱ्याच्या पोटात तर करडी बुरशी निघाली. ती बरणी अख्खी कचऱ्यात.

उरलेलं कागदावर पसरलं. पंख्याचं तोंड भिंतीकडे, खोलीत अंधार, १८ अंश, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. सहा दिवसांनी काडी मोडली. हाती आले ८० ग्रॅम.

मग मुरवणं. बरण्या पाऊणच भरल्या, प्रत्येकीत एक छोटा आर्द्रतामापक. पहिला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं झाकण उघडायचं. आकडा ६५ च्या वर गेला तर उघडंच ठेवायचं, ६० ते ६२ वर टिकला की निर्धास्त. सुरुवातीला नुसता कापलेल्या गवताचा वास येत होता. तिसऱ्या आठवड्यात तो ओसरला आणि खालून संत्र्याची साल, थोडी मिरी असं काहीतरी वर आलं. हिरवा रंगही जरा निवला. धूर घशाला लागेनासा झाला, हा फरक मात्र मला सगळ्यात जास्त जाणवला.

मुरवल्याने नशा वाढते असं काही जण छातीठोक सांगतात. मला ते पटत नाही. तुऱ्यात असतं ते मुख्यतः टीएचसीए, म्हणजे नशा न आणणारं कच्चं रूप; त्याचं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, होतं ते प्रामुख्याने उष्णतेने. उलट उजेडात, हवेत फार दिवस राहिलं की टीएचसी झिजून त्याचं सीबीएन हे फारच कमी नशेचं रसायन होतं. म्हणून बरण्या कपाटात, कुलपात.

डिसेंबरात निघायच्या आदल्या दिवशी आईने स्वयंपाकघरातली एक रिकामी बरणी उचलून हुंगली आणि परत ठेवली.

"धुतलीस तरी हिच्यात आता लोणचं घालू नकोस."