फॉर्मवर फक्त "डॉर्सल स्पाइन" लिहिलं होतं

मी एमआरआय टेक्निशियन आहे. एक केस डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय.

नऊ वर्षांची मुलगी, पाठीला बाक. फॉर्मवर एवढंच की "एमआरआय डॉर्सल स्पाइन, स्कोलिओसिस", म्हणजे मणक्याचा छातीमागचा भाग आणि बाजूला गेलेला बाक. डोकं दुखतं का, पायात ताकद कमी आहे का, कशाचा पत्ता नाही. डॉक्टर लोकांनी दोन ओळी जास्त लिहिल्या तर स्कॅन कुठून कुठवर घ्यायचा ते ठरतं, पण किती सांगितलं तरी फॉर्म असेच येतात.

आई सारखी विचारत होती, "दादा, दप्तराच्या ओझ्यानं झालं असेल का हो?" मी म्हटलं, ताई, दप्तरानं पाठ दुखेल, मणका असा पीळ खाऊन वाकडा होत नाही, तुमचं काही चुकलेलं नाही.

पहिल्या कोरोनल (समोरून दिसणाऱ्या) इमेजवरच मी थबकलो. बाक डावीकडे होता. नेहमीच्या स्कोलिओसिसमध्ये छातीच्या भागातला बाक बहुतेक वेळा उजवीकडे असतो. डावीकडे असेल आणि वयही दहाच्या आत, तर मज्जारज्जूत काही गडबड नाही ना हे बघायलाच हवं. रेडिओलॉजिस्ट मॅडमना फोन लावला, त्या लगेच म्हणाल्या, "कवटीच्या तळापासून माकडहाडापर्यंत सगळं घे, रेफर करणाऱ्यांशी मी बोलते." अशा मॅडम असल्या की काम करायला हुरूप येतो.

आता वाकड्या मणक्याचं प्लॅनिंग. सरळ पाठीत मधला एक सॅजिटल (बाजूनं दिसणारा उभा) स्लाइस घेतला की मज्जारज्जू वरपासून खालपर्यंत दिसतो, वाकड्या पाठीत तो स्लाइसमध्ये शिरतो, बाहेर जातो, मध्येच गायब होतो. म्हणून कोरोनलवर बाकाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला त्याच्या कलाप्रमाणे तिरका सॅजिटल आणि ॲक्सियल (आडवा काप) त्या त्या जागी मज्जारज्जूला काटकोनात. वेळ जातो, बाहेर पेशंट खोळंबतात, रिसेप्शनवरून फोनवर फोन येतात, पण सरळ स्लाइस मारून मोकळं व्हायचं असेल तर मग स्कॅन करायचाच कशाला.

टी-टू इमेजवर (यात पाणी पांढरं दिसतं) मज्जारज्जूच्या मधोमध पांढरीशुभ्र पट्टी. पाणी साठलेलं, सिरिंक्स. आणि वर लहान मेंदूचे टॉन्सिल कवटीच्या तळाच्या भोकातून 11 मिमी खाली उतरलेले. 5 मिमीच्या पुढे गेलं की कियारी धरतात, म्हणजे लहान मेंदूचा तळ असा खाली सरकण्याचा विकार. नुसता डॉर्सल केला असता तर सिरिंक्स दिसला असता, तो कशामुळे झाला ते मात्र वरच राहिलं असतं.

रिपोर्ट घ्यायला आले तेव्हा वडिलांनी उभ्यानं काढलेला एक्स-रे आणला होता, त्यात कॉब अँगल (बाक किती ते सांगणारा कोन) 34 डिग्री आणि आमच्याकडे 27. "कमी झाला ना?" त्यांचा चेहरा इतका खुलला होता की सांगताना जीवावर आलं. एमआरआय झोपवून होतो, वजन उतरलं की बाक थोडा सुटतो. बाक वाढला की नाही ते उभ्याच्या एक्स-रेवरच ठरतं, एमआरआय आतलं बघायला.

स्पाइन सर्जननी रॉड घालून मणका सरळ करायच्या ऑपरेशनचा विषय बाजूला ठेवलाय. आधी न्यूरोसर्जन कवटीखालची जागा मोकळी करणार, कारण सिरिंक्स तसाच ठेवून मणका ताणून सरळ केला तर मज्जारज्जूला इजा व्हायचा धोका वाढतो. लहान वयात त्यानंतर बाक कधी कधी थांबतो, थोडा कमीही होतो, तिचा काय होईल ते पुढच्या एक्स-रेंवर कळेल.

सर्जननी तिच्या पोटावर बेंबीच्या दोन्ही बाजूंनी हलकी रेघ ओढून बघितली तर एका बाजूचा स्नायू आखडलाच नाही, मज्जारज्जूत गडबड असू शकते याची ही खूण. अर्ध्या मिनिटाची तपासणी. आधी कुणी ती केली होती का, हे त्या फॉर्मवरून मला अजूनही कळत नाही.